शिकविणाऱ्यांचे शिक्षक आणि त्यांचा संघ



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. प्रौढशिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कंदिलाच्या उजेडात पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली मोठी माणसे येतात. त्या वर्गाला एखादा सेवाभावी गुरुजी असतो, हेही आपल्याला ठाऊक असते. परंतु या विषयाचे प्राध्यापक असतात, आणि त्या प्राध्यापकांचाही एक संघ असतो, हे ऐकल्यावर मनात सहज प्रश्न येतो की, हा खटाटोप कशासाठी? अक्षरे गिरवून घ्यायला का कोठे प्राध्यापक लागतो?

या शंकेचे उत्तर आपल्या आजच्या बैठकीतच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती शाळकरी मुलांसाठी नव्हे. दिवसाचे काम आटोपून आलेल्या, संसारात बुडालेल्या माणसांनी स्वखुशीने ऐकावे आणि विचार करावा, हा तिचा हेतू होता. त्याच्याही वीस वर्षे आधी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. तेव्हा प्रौढशिक्षण म्हणजे केवळ साक्षरता नव्हे. शाळेचे वय उलटून गेल्यावर माणूस जे जे हेतुपूर्वक शिकतो, ते सारे त्यात येते. शेतकऱ्याला नव्या बियाण्याची माहिती देणारा विस्तारसेवक, परिचारिकांना नवे उपचार शिकविणारी मेट्रन, कामगारसंघात अर्थशास्त्राचा वर्ग घेणारा कार्यकर्ता आणि वाचनालयाचा ग्रंथपाल, हे सगळेच या अर्थाने प्रौढांचे शिक्षक होत. यांना शिकवायचे कोणी आणि काय, हा प्रश्न ज्या दिवशी निघाला, त्या दिवशी या प्राध्यापकाचा जन्म झाला.

तो जन्म फार जुना नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडात पुनर्रचनेचा विचार चालू असता सरकारने प्रौढशिक्षणासाठी एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९१९ साली प्रसिद्ध झाला. प्रौढांचे शिक्षण ही काही थोड्या भाग्यवंतांची चैन नाही, ती राष्ट्राची कायमची गरज आहे, असा त्याचा रोख होता. लगेच १९२० साली नॉटिंगहॅम येथे प्रौढशिक्षणाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९२२ साली रॉबर्ट पीअर्स हे तेथे या विषयाचे प्राध्यापक झाले. जगातील या विषयाचे पहिले प्राध्यापकपद म्हणून त्याचा उल्लेख होतो. अमेरिकेत १९२८ साली थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाचा प्रौढांच्या अध्ययनशक्तीवरील ग्रंथ निघाला. पिकल्या पानाला नवा कोंब फुटत नाही, या सार्वत्रिक समजुतीला त्याने प्रयोगांच्या आधारे धक्का दिला. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात १९३० साली या विषयाचा विभाग सुरू झाला आणि १९३५ साली विल्बर हॅलनबेक व विल्यम स्टेसी या दोघांना या विषयातील पहिल्या डॉक्टरेट पदव्या मिळाल्या.

आता या प्राध्यापकाची स्थिती कशी होती ते पाहा. विद्यापीठात इतिहासाचे दहा अध्यापक असतात, रसायनाचे वीस असतात, आणि या विषयाचा बहुधा एक, फार तर दोन. त्याचे बिऱ्हाड शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयात. तेथील इतरांचे सगळे लक्ष बालकाकडे आणि शाळेकडे. तिकडे प्रत्यक्ष वर्ग चालविणारे कार्यकर्ते त्याला म्हणणार, "तुम्ही पुस्तकी माणसे!" आणि इकडे समाजशास्त्र-मानसशास्त्राचे सहकारी म्हणणार, "तुमच्या विषयाला स्वतःचे असे शास्त्र आहे तरी कोणते?" म्हणजे घरचा ना घाटचा. ज्याला आपल्या विषयाबद्दल बोलायला आपल्या गावात दुसरे माणूस नाही, त्याला परगावच्या समानधर्म्याची ओढ लागावी, हे स्वाभाविकच नव्हे काय? व्यावसायिक संघाचे मूळ पुष्कळदा या एकटेपणात असते. हक्क, वेतन, मानमरातब या गोष्टी मागाहून येतात.

अमेरिकेत या प्राध्यापकांच्या संघाला 'कमिशन ऑफ प्रोफेसर्स ऑफ अ‍ॅडल्ट एज्युकेशन' असे नाव आहे. आपल्याकडे कमिशन म्हटले की सरकारी चौकशी आठवते. पण येथे तिचा अर्थ एका मोठ्या संस्थेच्या पोटातील मंडळ एवढाच. ती मोठी संस्था समजून घेतल्याशिवाय या मंडळाचा कारभार कळणार नाही. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पुढाकाराने आणि पैशाने अमेरिकेत प्रौढशिक्षणाची एक राष्ट्रीय संस्था निघाली. १९५१ साली ती आणि शिक्षकांच्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेतील प्रौढशिक्षण विभाग ही दोन्ही विसर्जित होऊन 'अ‍ॅडल्ट एज्युकेशन असोसिएशन' ही नवी संस्था झाली. तिचे प्रमुख प्रशासक म्हणून माल्कम नोल्स यांनी १९५९ पर्यंत काम पाहिले. हिच्या पोटात, १९५५ साली, प्राध्यापकांचे मंडळ जमू लागले आणि लवकरच त्याला केलॉग फाउंडेशनचे साहाय्य मिळाले. १९८२ साली मोठ्या संस्थेचे पुन्हा एका भगिनीसंस्थेशी एकीकरण झाले आणि आजची 'अमेरिकन असोसिएशन फॉर अ‍ॅडल्ट अँड कंटिन्युइंग एज्युकेशन' उभी राहिली. मंडळ तिच्याबरोबर नव्या घरात गेले.

असा हा एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला, पण मोडून न पडलेला संसार आहे. तो चालविताना जे प्रश्न उभे राहतात, ते केवळ अमेरिकन नाहीत. आपल्या गावचे वाचनालय किंवा शिक्षकांचे मंडळ ज्याने चालविले आहे, त्याला ते ओळखीचेच वाटतील. त्यांतील चार मुख्य प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न : सभासद कोण? वरवर पाहता हा घटनेतील एका कलमाचा प्रश्न दिसतो. वस्तुतः संघाचे सगळे भवितव्य त्यात असते. प्रारंभी या मंडळाचा रोख, ज्यांचे मुख्य काम विद्यापीठात हा विषय शिकविणे आहे, अशा पूर्णवेळ अध्यापकांवर होता. दार अरुंद ठेवले की बैठकीत नेमके बोलणे होते. प्रत्येकाची अडचण प्रत्येकाला ठाऊक असते. प्रास्ताविकातच वेळ जात नाही. परंतु अरुंद दाराचा दोष असा की, खोलीतील माणसे वयाने वाढतात आणि नवे कोणी आत येत नाही. आज विद्यापीठांत हाच विषय निरनिराळ्या नावांनी शिकविला जातो : कोठे मनुष्यबळ विकास, कोठे उच्च शिक्षण, तर कोठे निरंतर अध्ययन. शिकविणाराही कित्येकदा अर्धवेळ किंवा मुदतबंद नेमणुकीवर असतो. त्याला 'प्राध्यापक' म्हणायचे की नाही? नाही म्हणावे तर संघ रोडावतो. हो म्हणावे तर जुन्यांना घर ओळखू येत नाही. अनुभव असा की, मतदानाचा अधिकार काहीसा नियमबद्ध ठेवून चर्चेचे दार मोकळे ठेवणे हा बरा मार्ग होय. विशेषतः संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना बैठकीला बसू दिले, तर उद्याचा सभासद आजच घडतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. आपण मघाशी पाहिले की, १९२६ ची संस्था कार्नेगीच्या पैशाने उभी राहिली आणि प्राध्यापकांच्या मंडळाला केलॉगचे साहाय्य झाले. मधल्या १९५१ च्या संस्थेलाही फोर्ड फाउंडेशनने स्थापन केलेल्या प्रौढशिक्षण-निधीचा मोठा आधार होता. तो निधी १९६१ साली बंद झाला. देणगीने संस्था लवकर उभी राहते, यात शंका नाही. पण देणगीची एक खोड आहे. ती आली की कचेरी वाढते, पगारी माणसे वाढतात, अंक जाड होतो. आणि ती थांबली की वाढलेला संसार वर्गणीच्या अंगावर येतो. मोठ्या संस्थेला हे सोसावे लागले. प्राध्यापकांचे मंडळ त्यातून तुलनेने सुखरूप निभावले, याचे कारण त्याने आपला संसारच लहान ठेवला. भेटीगाठींचा खर्च, थोडी पत्रे, एखादे पुस्तक एवढ्यावर ज्याचे भागते, त्याला देणगीदार गेल्याचे दुःख फार दिवस राहत नाही. देणगी एखाद्या ठरावीक कामासाठी घ्यावी आणि रोजचा चरितार्थ वर्गणीवर ठेवावा, हा धडा आपल्याकडील खजिनदारांनीही गिरविण्यासारखा आहे.

तिसरा प्रश्न : काम करणार कोण? मोठ्या संस्थेला पगारी कार्यवाह ठेवता येतो. लहान संघात अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार हे सगळे आपापली नोकरी सांभाळून हे काम करतात. प्राध्यापकाला विद्यापीठात बढती मिळते ती शोधनिबंधांवर. संघाची पत्रे लिहिल्याबद्दल, जागा ठरविल्याबद्दल किंवा हिशेब तपासल्याबद्दल ती मिळत नाही. म्हणून हे काम कोणा एका उत्साही माणसाच्या गळ्यात पडते आणि तो थकला की संघ थकतो. आपल्याकडे कितीतरी मंडळांचा इतिहास म्हणजे एका कार्यवाहाचे चरित्र असते. त्याच्याबरोबर मंडळाचे दप्तरही कोठल्या माळ्यावर जाते, कोण जाणे! यावर उपाय साधाच आहे. पद ठरावीक मुदतीचे असावे. पुढचा अध्यक्ष आधीच निवडून त्याला एक-दोन वर्षे विद्यमान अध्यक्षाजवळ बसवावे, आणि निवृत्त अध्यक्षाला आणखी काही काळ कार्यकारिणीत ठेवावे. म्हणजे कालचे स्मरण, आजचे काम आणि उद्याची तयारी ही तिन्ही एका टेबलाभोवती येतात. तसेच, सर्व काम एका कार्यकारिणीने उरावर न घेता विषयवार लहान गट पाडावेत. या मंडळात असे आवडीच्या विषयांचे गट आहेत. ज्याला अध्यक्ष व्हायचे नसते, तोही आपल्या गटाची बैठक आनंदाने भरवितो.

येथे एका उलट उदाहरणाकडेही लक्ष वेधतो. याच क्षेत्रात १९६० पासून अमेरिकेत एक संशोधन परिषद भरत आली. तिने वर्गणीदार सभासदांची रूढ संस्था अशी कधी उभारलीच नाही. ज्या विद्यापीठाने आमंत्रण द्यावे, त्याने त्या वर्षीचा भार उचलावा; एका लहान समितीने सूत्र धरावे, एवढाच तिचा व्याप. अशा व्यवस्थेत पदासाठी भांडण नाही, कचेरीचे भाडे नाही. पण सरकारपुढे किंवा कुलगुरूंपुढे सगळ्यांच्या वतीने एक पत्र लिहायचे झाले, तर सही करायला कोणी नाही! घटना, पदाधिकारी, ठराव या गोष्टी रुक्ष खऱ्या. परंतु 'आम्ही' म्हणून बोलण्याचा अधिकार त्यांतूनच येतो.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : संघाने करायचे काय? वर्षातून एकदा जमायचे, जेवायचे, नवे पदाधिकारी निवडायचे आणि घरी जायचे, एवढेच असेल तर तो संघ नव्हे, स्नेहसंमेलन. या मंडळाची दोन कामे मला नमुनेदार वाटतात.

एक म्हणजे विषयाची बैठक घालून देणे. मंडळाच्या चर्चांतून १९६४ साली एक ग्रंथ निघाला. जेन्सन, लिव्हराइट आणि हॅलनबेक हे त्याचे संपादक. त्याच्या काळ्या बांधणीमुळे अभ्यासक त्याला 'काळे पुस्तक' म्हणूनच ओळखतात. "तुमच्या विषयाला स्वतःचे शास्त्र कोणते?" या टोमण्याला त्यात सरळ उत्तर होते. प्रौढशिक्षण ही व्यवहारातून उगवलेली विद्या आहे. ती समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास यांच्याकडून ज्ञान उसने घेते, पण घेतलेले आपल्या प्रश्नांच्या साच्यात नव्याने ओतते. वैद्यक तरी दुसरे काय करते? अशा ग्रंथाला एक माणूस पुरत नाही. निरनिराळ्या विद्यापीठांतील एकाकी माणसांनी वर्षानुवर्षे एकत्र बसावे लागते. पुढे १९९१ साली पीटर्स आणि जार्व्हिस यांच्या संपादनाखाली त्याच्या परंपरेतला दुसरा ग्रंथ निघाला. पहिल्या पुस्तकाने काय वगळले होते, याचीही चर्चा मधल्या काळात झाली होती. संघ जिवंत असल्याची ही खूण होय.

दुसरे काम मानदंडांचे. या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात किमान काय असावे, अध्यापक कसे असावेत, ग्रंथालय व मार्गदर्शन यांची व्यवस्था कशी असावी, याचे निकष मंडळाने १९८६ साली ठरविले आणि २००८ व २०१४ साली ते सुधारले. हे निकष कोणावर सक्तीचे नाहीत. न पाळणाऱ्याला दंड नाही की मान्यता रद्द होण्याची भीती नाही. मग त्यांचा उपयोग काय? उपयोग असा की, विभागातील एकुलत्या एका अध्यापकाने अधिष्ठात्याकडे जाऊन "मला आणखी एक सहकारी द्या" म्हटले तर ती त्याची वैयक्तिक मागणी ठरते. तोच निकषांचा कागद पुढे ठेवून बोलला, तर त्याच्या पाठीशी सारा व्यवसाय उभा राहतो. अर्थात कागदाने सर्व काही वाचते असे नाही. सिरिल हूल यांच्यासारखा नामवंत अभ्यासक जेथे दीर्घकाळ शिकवीत होता, त्या शिकागो विद्यापीठाने आपला शिक्षणशास्त्राचा संपूर्ण विभागच २००१ साली बंद केला. ज्ञानाची प्रतिष्ठा आणि विभागाचे आयुष्य यांचा संबंध आपण समजतो तितका पक्का नसतो.

येथवर मी संघाच्या बाजूने बोललो. आता त्याच्याविरुद्धचा एक मोठा आक्षेप सांगितला पाहिजे. कारण या विषयाचे खरे मर्म तेथे आहे.

ज्या १९५५ साली हे प्राध्यापक एकत्र जमू लागले, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील डोंगरातल्या एका शाळेत अलाबामाची एक शिवणकाम करणारी स्त्री काही दिवस शिकायला आली होती. तिचे नाव रोझा पार्क्स. शाळेचे नाव हायलँडर फोक स्कूल; १९३२ साली ती काढणाऱ्यांत माइल्स हॉर्टन प्रमुख होते. त्या वर्षीच्या १ डिसेंबरला माँटगोमेरी शहरात या स्त्रीने बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला आणि पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. त्याच शाळेच्या आधाराने १९५७ च्या जानेवारीत दक्षिण कॅरोलायनातील जॉन्स बेटावर निग्रो प्रौढांना मतदारनोंदणीपुरते लिहावाचायला शिकविणारा पहिला वर्ग निघाला. त्याची शिक्षिका म्हणून मुद्दाम बर्निस रॉबिन्सन या केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्या बाईंना निवडले. त्या शिक्षिका नव्हत्या, हीच त्यांची पात्रता! पढीक शिक्षक मोठ्या माणसांना मुलांसारखे वागवील आणि ती उठून जातील, अशी चालकांना भीती होती. आलेल्या मंडळींना काय शिकायचे आहे, हे बाईंनी प्रथम त्यांनाच विचारले.

आता सांगा, विसाव्या शतकातील प्रौढशिक्षणाचे मोठे काम कोणाचे? पदवीधर प्राध्यापकांचे, की केस विंचरणाऱ्या या बाईंचे? टीकाकार म्हणतात की, व्यवसाय संघटित झाला की तो दाराशी पहारेकरी बसवितो : पदवी दाखवा आणि मग शिकवा. जे क्षेत्र सेवाभावी, हौशी आणि चळवळीतल्या माणसांनी उभे केले, त्यातून त्याच माणसांना परके करायचे, हा कोणता न्याय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. पण त्याचे उत्तर संघ मोडणे हे नव्हे. बर्निस रॉबिन्सन यांना जे अंतःप्रेरणेने सुचले, ते दुसऱ्या गावच्या दहा जणींना कसे साधावे? त्यांचा वर्ग का यशस्वी झाला, हे टिपून, पारखून, पुढच्या पिढीला कोणी द्यायचे? अनुभव मरतो, त्याचे ज्ञान झाले तरच तो टिकतो. प्राध्यापकाचे काम एवढेच, आणि ते थोडे नाही. मात्र त्याच्या संघाने आपल्या अधिवेशनात अशा बाईंसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली पाहिजे. ती खुर्ची रिकामी राहू लागली की समजावे, संघ विषयासाठी राहिला नसून सभासदांसाठी उरला आहे.

आपल्याकडचा प्रवास थोडा वेगळा झाला. १९३९ साली दिल्लीत अखिल भारतीय प्रौढशिक्षण संघ स्थापन झाला. त्याच वर्षी मुंबई शहरात साक्षरतेच्या कामासाठी समिती निघाली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहिमेने गावेच्या गावे साक्षर करण्याचा उद्योग आरंभिला, तो गावकऱ्यांच्या आणि प्राथमिक शिक्षकांच्या बळावर. विद्यापीठे मागाहून आली. १९७७ साली विद्यापीठ अनुदान मंडळाने अध्यापन व संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य मानले आणि २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यामुळे ठिकठिकाणी विभागांना चालना मिळाली. म्हणजे अमेरिकेत प्राध्यापक देणगीदाराकडे पाहत होता, तर येथे तो सरकारी योजनेकडे पाहू लागला. योजना बदलत गेल्या तशा विभागांवरील पाट्याही बदलल्या : प्रौढशिक्षण, निरंतर शिक्षण, विस्तार, आजीवन अध्ययन. पाटी बदलली तरी आतील विद्या टिकावी, असे वाटत असेल तर ती विद्या कोणा योजनेची नव्हे, शिकविणाऱ्यांच्या समूहाची असली पाहिजे. संघाची खरी गरज ती हीच.

तेव्हा संघ चालविणे म्हणजे काय, याचे सार थोडक्यात असे सांगता येईल : दार फार अरुंद नको आणि अगदीच सताड नको, संसार वर्गणीच्या मापाचा असावा, पद फिरते आणि दप्तर स्थिर असावे, वर्षातून एकदा भेटावे, पण वर्षभर पुरेल असे काम हाती असावे, आणि ज्यांच्यासाठी हा सारा उद्योग, त्या दिवसभर राबून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या माणसाचा विसर पडू नये. जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेत येणाऱ्या मजुराला प्राध्यापक म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. प्राध्यापकाला मात्र तो मजूर ठाऊक असलाच पाहिजे.